मारुतीच्या कुठवर आलं?

इतर गावांत पूर आला की लोक नदीपासून लांब जातात, असं मी ऐकून आहे. आमच्या नाशिकमध्ये पूर आला की लोक नदीवर जातात. अर्ध्या दिवसाची रजा टाकून जातात, पोरांना खांद्यावर बसवून जातात, भाजलेलं कणीस खात पुलाच्या कठड्याला टेकून उभे राहतात. या गर्दीला हटवण्यासाठी माणसं पाठवायचं काम ज्या खोलीतून चालतं, त्या खोलीत माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. महापालिकेचा आपत्ती नियंत्रण कक्ष. नाव ऐकून लोकांना वाटतं, भिंतभर पडदे असतील, लाल दिवे लुकलुकत असतील. आमच्याकडे चार फोन, एक वायरलेस संच, भिंतीवर शहराचा भलामोठा नकाशा आणि डोक्यावर असा डुगडुगणारा पंखा होता, की शहरातली पहिली आपत्ती इथेच घडेल असं आम्ही म्हणायचो.

निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीचे विचारतात, तुम्ही तिथे नेमकं करत काय होतात? प्रश्न रास्त आहे. पुरात उडी मारून माणूस वाचवणारा जीवरक्षक दिसतो, आगीचा बंब दिसतो, फोनवर बसलेली बाई कुणाला दिसत नाही. आमचं काम म्हणजे मुख्यतः निरोप पोचवणं. गंगापूर धरणावरून पाटबंधारे खात्याचा निरोप येतो, की इतके क्युसेक पाणी सोडतोय. ते पाणी रामकुंडावर पोचायला थोडा अवधी लागतो आणि आमची सगळी मर्दुमकी त्या अवधीत मावते. विभागीय कार्यालयांना कळवायचं, अग्निशमन केंद्रांना कळवायचं, पोलिसांना, वीज कंपनीला, दवाखान्यांना. घाटावरच्या टपऱ्या आणि हातगाड्या वर घ्यायला लावायच्या. भोंगा बांधलेली रिक्षा काठच्या गल्ल्यांतून फिरवायची. घाटावर लावलेल्या गाड्या काढायच्या. त्यात परगावच्या एखाद्या यात्रेकरूची गाडी हमखास राहायची आणि ती तरंगायला लागली की तिचा फोटो शहरभर फिरायचा. मग लोकांना ठेवायला शाळा उघडायची. शाळा असायची, किल्ली शिपायाकडे असायची आणि शिपाई नांदगावला सासुरवाडीला गेलेला असायचा. मोठमोठ्या बैठकांत नकाशावर बोट ठेवून ठरवलेली योजना अशा वेळी एका किल्लीपाशी अडते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

फोन करणारे तर एकेक नमुने. दशक्रिया विधी आजच करायचा की पाणी उतरल्यावर, हे एक गृहस्थ मला विचारत होते. मी म्हटलं, गुरुजींना विचारा, तर म्हणाले, गुरुजींनीच तुम्हाला विचारायला सांगितलंय. पिंपळगाव बसवंतहून एक टेम्पोवाला दर पुरात न चुकता फोन करायचा, पूल चालू आहे ना, एवढंच विचारायचा आणि मी हो म्हटलं की “बरं हाय ना तुमचं?” असं माझी चौकशी करून ठेवून द्यायचा. त्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही. एका बाईंना पूर कधी उतरेल ते हवं होतं, कारण पाहुणे पूर बघायला उद्या येणार होते.

पण सगळ्यांत जास्त फोनवर एकच प्रश्न असायचा: “मॅडम, मारुतीच्या कुठवर आलं?”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्या गोदावरीच्या, म्हणजे आम्ही जिला नुसती गंगा म्हणतो तिच्या, पात्रातच रामकुंडाजवळ एक उंच मारुती उभा आहे. त्याला दोन बाजूंना दोन तोंडं, म्हणून दुतोंड्या मारुती. नाशिककर पूर मोजतात ते या मारुतीवर. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, आणि मग “मारुती बुडाला.” क्युसेक सांगितले की लोक “हं हं” म्हणतात आणि परत विचारतात, “ते ठीके, पण मारुतीच्या कुठवर?” एका भाजीवाल्या मावशींनी मला विचारलं होतं, “क्युसेक म्हंजी किती हंडे वं बाई?” मला सांगता आलं नाही. माझं माहेर मखमलाबादचं, घरी झेंडूची शेती. वडील बुधवारच्या बाजाराला फुलं न्यायची की नाही हे मारुतीवरूनच ठरवायचे. त्यामुळे मला त्या मावशींचं काही चुकतंय असं वाटलं नाही.

मी साहेबांच्या मागे लागले, की भोंग्यावर क्युसेक कशाला सांगता, मारुती सांगा. साहेब सज्जन माणूस. म्हणाले, “अहो, सरकारी सूचनेत मारुती कसा लिहायचा?” मी म्हटलं, लिहू नका, नुसतं बोला. तेव्हापासून कागदावर क्युसेक आणि भोंग्यावर मारुती, अशी दुहेरी व्यवस्था सुरू झाली. मला तिचा बराच अभिमान होता.

तरी एक कोडं शिल्लक होतंच. लोकांना पाणी कुठवर येणार हे कळलं, समजलं, पटलंही, तरी ते हलत का नाहीत? मला या गोष्टीचं फार कुतूहल होतं. पूर ओसरल्यावर मी शाळांत ठेवलेल्या लोकांना भेटायला जायची आणि विचारायची, तुम्ही शेवटी निघालात ते नेमकं कशामुळे? सहकारी म्हणायचे, मॅडम, आता वाचलेत ना, झालं. पण उत्तरं मोठी मजेशीर यायची. भोंगा ऐकून निघालो, असं जवळजवळ कुणीच म्हणायचं नाही. शेजारच्यांनी शेळी सोडली म्हणून निघालो. समोरच्या काकूंनी गॅसची टाकी उचलली म्हणून निघालो. आणि नदीलगतच्या भांडीवाल्यांच्या एका गल्लीतले सगळे एकच सांगायचे: “अण्णांनी माल वर घेतला म्हणून.”

हे अण्णा म्हणजे गल्लीतले सर्वांत जुने भांड्यांचे दुकानदार. खाली दुकान, वर घर. पुढच्या गॅलरीतून त्यांना मारुती दिसायचा. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की अण्णा तांब्या-पितळेचा माल वरच्या मजल्यावर न्यायला सुरुवात करायचे. पातेली जिन्यावरून जाताना जो खणखणाट व्हायचा, तो ऐकून बाकीची गल्ली कामाला लागायची. छातीला लागलं की अण्णा घरातली माणसं हलवायचे आणि मग गल्लीही हलायची. आमची यंत्रणा एकीकडे आणि अण्णांचा खणखणाट एकीकडे. अण्णा मला पुरात आपणहून फोनही करायचे. “ताई, गुडघ्याला आहे. तुमच्याकडे काय?” मी आमचे आकडे सांगायची. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “मग बरोबर आहे,” जणू धरणाचा हिशेब त्यांनी तपासून दिला. आमची अशी कैक वर्षांची ओळख, पण भेट कधी नाही.

एकदा श्रावणात दुपारी अण्णांच्या घरून फोन आला. पण अण्णांचा नाही, त्यांच्या सुनेचा. तिचं नाव मनीषा.

“मॅडम, आमच्या गल्लीतली लाईट घालवणार आहेत का?”

“का हो?”

“सासूबाई ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. मागच्या महिन्यापासून. लाईट गेली की मशीन बंद.”

“जादा सिलेंडर?”

“छोटा आहे, पण त्याचा काटा पार खाली आलाय. मिस्टर भरून आणणार होते, ते येवल्याला गेलेत, देवळाची मोठी पातेली पोचवायला.”

त्या दिवशी धरणातून पाणी सोडलं होतं, पण फार नाही. मारुतीच्या गुडघ्यांच्या जरा वर. शहरात मात्र सकाळपासून असा पाऊस लागला होता, की खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती. वीज बंद करायचं अजून कुणी काढलं नव्हतं, पण कधीही काढू शकलं असतं. पाणी शिरलेल्या गल्लीत वीज चालू ठेवणं म्हणजे एका ओल्या खांबापायी चार माणसं गमावणं. मी म्हटलं, “वरच्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्स पाठवते. तुम्ही त्यांना आत्ताच हलवा.”

“अण्णा नको म्हणतात.”

अण्णांनी फोन घेतला. “ताई, मी गॅलरीत उभा आहे. गुडघ्याला आहे. कमरेला माल, छातीला माणसं, हे आमच्या वडलांपासून चालत आलंय. डॉक्टर म्हणालेत हिला दगदग नको. ह्या पावसात बाहेर काढली तर पुरानं नाही, हलवाहलवीनं जाईल ती.”

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. माईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, चार पावलं टाकली तरी धाप लागायची. मीही मनातून मारुतीवर भिस्त ठेवूनच होते. मी ॲम्ब्युलन्सला वरच्या रस्त्यावर येऊन थांबायला सांगितलं आणि पुढचा फोन घेतला.

पुढचा फोन एका शिंप्याचा होता. “मॅडम, मोरीतून पाणी वर येतंय.” मी पत्ता विचारला. नदीपासून चांगला लांबचा. मग एक पिठाच्या गिरणीवाला. गिरणीत गटाराचं पाणी. मग एक शिकवणी घेणाऱ्या बाई. संडासातून बुडबुडे येत होते. नदीकाठाहून पाणी शिरल्याचा एकही फोन नाही आणि लांबलांबच्या लोकांच्या घरात पाणी. मला हे काही कळेना. मी उठून नकाशासमोर जाऊन उभी राहिले आणि ज्यांनी फोन केले त्यांच्या घरांवर बोट फिरवत गेले. बोट आपोआप एका जुन्या नाल्यावरून चाललं होतं. वरच्या वस्त्यांचं पाणी घेऊन तो नाला जमिनीखालून येतो आणि गंगेला मिळतो. एरवी. त्या दिवशी गंगा एवढी तरी भरली होती की नाल्याचं तोंड बुडलं होतं. आत शहरभराच्या पावसाचं पाणी लोटत होतं आणि बाहेर पडायला जागा नव्हती. मग ते मागे फिरलं आणि जी मोरी सापडेल तिच्यातून वर यायला लागलं. माझं बोट जिथे येऊन थांबलं, ती अण्णांच्या गल्लीची मागची बाजू होती. गल्लीतले सगळे पुढे मारुतीकडे बघत बसलेले आणि पाणी मागून येत होतं.

वीज कंपनीच्या अभियंत्याला फोन लावला. तो तरुण आणि स्पष्ट बोलणारा. “मॅडम, डीपी त्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. पाणी तिथं लागायच्या आत मी बंद करणार. मला विचारत बसायला जमणार नाही.” मी ऑक्सिजनचं सांगितलं. तो म्हणाला, “माझा माणूस डीपीपाशी उभा करतो. पाणी चौथऱ्याला लागलं की तो हात वर करील. तोवर चालू ठेवतो. त्याच्यापुढं नाही.”

वायरलेसवर घाटावरच्या सोपानला गाठलं. सोपान आमचा जीवरक्षक, पोहण्यात मासा आणि बोलण्यात कंजूष. ॲम्ब्युलन्समधला भरलेला सिलेंडर घेऊन त्याला अण्णांकडे जायला सांगितलं. तो म्हणाला, “जातो मॅडम. पण अण्णा नाय ऐकायचे. मी वळखतो त्यांना.”

साहेब मागे उभे होते. म्हणाले, “पोलीस पाठवा, उचलून काढा.” कायद्याने ते करता आलं असतं. पण धापा टाकणाऱ्या बाईला नवऱ्याच्या विरोधात ओढत जिन्यावरून उतरवायचं, हे मला डोळ्यांपुढे आणवेना. मी परत अण्णांना फोन लावला. नाल्याचं समजावून सांगायला लागले, तर ते मध्येच म्हणाले, “ताई, गुडघ्यालाच आहे अजून. तुम्ही घाबरवू नका.”

मागून मनीषाचा आवाज आला, “मारुतीला दोन तोंडं आहेत, अण्णांना एकच.”

मग मी सांगायचं सोडून दिलं. म्हटलं, “अण्णा, मला मारुतीचं नका सांगू. खाली जाऊन मागची मोरी बघून या आणि काय दिसतंय तेवढं मला सांगा. मला इथून खरंच काही कळत नाहीये.”

ती युक्ती नव्हती, मला खरंच कळत नव्हतं. आणि माहिती मागितली की अण्णा कधीच नाही म्हणायचे नाहीत. त्यांनी फोन तसाच बाजूला ठेवला. मला लाकडी जिन्यावरची त्यांची पावलं ऐकू आली, पावसाचा आवाज आणि माईंच्या मशीनची घरघर. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. ती घरघर थांबू नये एवढंच माझ्या मनात होतं.

अण्णा परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. “मोरीतून उसळतंय. दुकानात आलंय. खालची पातेली तरंगताहेत.” मग म्हणाले, “काय करू, ताई?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं.

“माईंना खाली आणा. सोपान दारात आला असेल.”

“माल...” ते म्हणाले. मग “राहू दे,” म्हणाले आणि फोन बंद झाला.

पुढचं मला सोपानने नंतर सांगितलं. एरवी दोन शब्दांत काम उरकणारा माणूस, पण हे त्याने चहा गार होईपर्यंत सांगितलं. माईंना वेताच्या खुर्चीत बसवलं होतं. खुर्ची पुढून त्यानं धरलेली, मागून ॲम्ब्युलन्सच्या माणसानं. सिलेंडर मनीषाच्या कडेवर, पोर घ्यावं तसा. अण्णा माईंच्या डोक्यावर छत्री धरून शेजारून चाललेले, स्वतः नखशिखांत भिजत. पाणी पोटऱ्यांना लागत होतं आणि दुकान सताड उघडं. समोरच्या दुकानदारानं हाक मारली, “अण्णा, माल?” अण्णांनी वळूनही बघितलं नाही.

“तेवढंच झालं बघा मॅडम,” सोपान म्हणाला. “आख्खी गल्ली सुटली. भोंगा सकाळधरनं बोंबलून ऱ्हायला व्हता, कोनी हाललं नाय. अण्णानं माल टाकला म्हनताच लोकांनी दुकानांची कुलपं पन नाय लावली.”

माई ॲम्ब्युलन्समध्ये चढल्या आणि डीपीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा हात वर गेला. गल्लीतली लाईट गेली. त्या दिवशी पाणी दुकानांच्या फळ्या बुडवून जिन्याच्या पायऱ्या चढत गेलं. बरंच नुकसान झालं, माणूस एकही गेला नाही. आणि मारुतीच्या कमरेला पाणी शेवटपर्यंत लागलं नाही.

पाणी ओसरल्यावर मी दवाखान्यात गेले. अण्णांना आणि माईंना मी पहिल्यांदाच बघत होते. फोनवरच्या आवाजावरून अण्णा मला धिप्पाड वाटले होते, निघाले किडकिडीत. माई उशीला टेकून बसल्या होत्या, नाकाला नळी. सवयीप्रमाणे मी अण्णांना विचारत बसले, मोरी आधी कधी उलटली होती का, आवाज आला होता का. अण्णा म्हणाले, “पुढं गॅलरीत काही ऐकू येत नाही.”

माईंनी हात हलवला. एकेक शब्द तोडत म्हणाल्या, “मोरी... सकाळपासनं... बोलत होती.”

मागच्या खोलीतली त्यांची खाट बरोबर मोरीच्या वर येते. खालची गुडगुड त्यांना दिवसभर ऐकू येत होती.

“मग सांगितलं नाही का कुणाला?” मी विचारलं.

“सगळे... पुढं होते.” त्या हसल्या. “आणि मला... कोण विचारतं?”

मला हसू आलं आणि लगेच फार वाईट वाटलं. त्यांच्याविषयी मी त्या दिवशी सगळं विचारलं होतं. बसता येतं का, सिलेंडर किती आहे, जिना अरुंद आहे का. नकाशासमोर उभी राहून मी जे शोधत होते, ते त्या फोनपासून एका भिंतीपलीकडे माईंना ठाऊक होतं.

त्यानंतर मी फोनवर एक नवा प्रश्न सुरू केला. घरात अंथरुणावर कुणी आहे का? असेल तर त्यांना विचारा, काय ऐकू येतंय. कक्षात माझी भरपूर थट्टा झाली. मॅडम आता आजारी माणसांकडून हवामानाचा अंदाज घेतात, असं साहेबसुद्धा म्हणाले. उत्तरंही सगळी कामाची नसायची. पंचवटीतल्या एका आजोबांनी, सून चहात साखर घालत नाही, ही बातमी मला अधिकृतपणे कळवली. पण भिंत खचतेय, मागे झाड कुरकुरतंय, गटार तुंबलंय, हे सगळ्यांत आधी कळतं ते जो दिवसभर एका जागी पडून असतो त्यालाच. आता म्हणे नाल्यांत पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं बसवणार आहेत. बसवावीत. मला यंत्रांचा राग नाही, ती सकाळपासून बोलायला लागली तर कुणीतरी ऐकेल तरी.

माई त्या हिवाळ्यात गेल्या. घरीच, आपल्या खाटेवर, झोपेत. मनीषाने कळवलं, पण मला नेमकं जाता आलं नाही. पुढचा पावसाळा माझ्या नोकरीतला शेवटचा. धरणातून पहिल्यांदा पाणी सुटलं त्या दिवशी दुपारी फोन वाजला.

“ताई, गुडघ्याला आहे,” अण्णा म्हणाले.

“बरं अण्णा. गॅलरीत आहात का?”

“नाही. पुढचं मनीषा बघते आता. तिनं सांगितलं, तेच तुम्हाला सांगतोय. मी मागं असतो, हिच्या खाटेवर. कुणीतरी इथं पाहिजे ना.”

मी जे सगळ्यांना विचारायची तेच विचारलं. “काय ऐकू येतंय, अण्णा?”

पलीकडे खाट करकरली. बहुधा खरोखरच कान देऊन ऐकत असावेत.

“मोरी गप्प आहे,” ते म्हणाले. “मशीनपण नाही. काहीच ऐकू येत नाही, ताई.”

आमच्या कामात ही चांगली बातमी असते. मी “ठीक आहे, अण्णा” म्हटलं, पण फोन मात्र दोघांनीही लगेच ठेवला नाही.